एल्फिन्स्टन घराण्याची वंशावळ १५१० पर्यंत मागे कशी न्यायची?

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

१८१८-१९ मधल्या सातारा राज्याच्या पुनःस्थापनेवर एक टिपण तयार होत आहे. ११ फेब्रुवारी १८१८ चा साताऱ्याचा जाहीरनामा आणि १० एप्रिलला प्रतापसिंह महाराजांना गादीवर बसवणे, या दोन्हींमागे असलेला कंपनीचा अधिकारी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याच्या स्कॉटिश उमराव घराण्याची वंशावळ परिशिष्टात द्यायची आहे. भोसल्यांची देताना जेवढा काटेकोरपणा लागतो तेवढाच इथेही हवा.

जालावर तीन वंशावळी मिळाल्या आणि तिन्ही एकमेकींशी भांडतात. एकीत अकरा लॉर्ड म्हणून सरळ अकरा पिढ्या दाखवल्या आहेत. सहावा लॉर्ड दुसरीत पाचव्याचा मुलगा आहे, तिसरीत जावई. उमरावपद मिळाल्याचे साल कुठे १५०९ तर कुठे १५१०.

साताऱ्यात बसून कोणते कागद पाहता येतील, कोणत्या क्रमाने पाहावेत, आणि चर्चच्या बाप्तिस्मा नोंदी पुरतात का? मोडी वाचता येते, लॅटिन येत नाही.

---

कृष्णाकाठ (वाई)

बाप्तिस्मा नोंदी पुरत नाहीत. आपल्याकडे देशमुख-पाटलांच्या पिढ्या जन्मनोंदीतून सापडत नाहीत, त्या वतनाच्या महजरात आणि निवाड्यात सापडतात. स्कॉटलंडमध्येही तसेच आहे. जमिनीच्या मागे गेलात की माणसे आपोआप रांगेत उभी राहतात.

आधी तुमच्या तीन वंशावळींचा निकाल लावू. उमरावपदाचा क्रमांक आणि पिढीचा क्रमांक या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिला लॉर्ड अलेक्झांडर ९ सप्टेंबर १५१३ ला फ्लॉडनच्या लढाईत पडला. त्याचा मुलगा दुसरा अलेक्झांडर १० सप्टेंबर १५४७ ला पिंकीच्या लढाईत पडला. तिसरा रॉबर्ट, मृत्यू १६०२. चौथा अलेक्झांडर, १६३८. पाचवा अलेक्झांडर, १६४८. इथवर बापामागून मुलगा. पाचव्याला मुलगा नव्हता, लिलिअस नावाची मुलगी होती. पद गेले पुतण्याकडे, तो सहावा अलेक्झांडर, आणि त्याने लग्न केले याच लिलिअसशी. म्हणजे तो पाचव्याचा पुतण्याही आणि जावईही. आपल्यात सख्ख्या चुलत भावंडांत लग्न होत नाही, त्यामुळे नकलणाऱ्याला हे चुकीचे वाटते आणि तो एक नाते गाळून टाकतो. सहावा १६४९ मध्येच वारला. त्याचा मुलगा सातवा अलेक्झांडर निपुत्रिक वारला आणि पद धाकट्या भावाकडे, आठव्या जॉनकडे आले (मृत्यू १७१८). मग नववा चार्ल्स (१७५७), दहावा चार्ल्स (१७८१), अकरावा जॉन (१७९४). माउंटस्टुअर्ट हा या अकराव्याचा चौथा मुलगा, जन्म ६ ऑक्टोबर १७७९.

सातवा आणि आठवा भाऊ असल्याने अकरावा लॉर्ड दहाव्या पिढीत येतो आणि माउंटस्टुअर्ट अकराव्या. आकडा अकराच येतो म्हणून पहिली वंशावळ बरोबर वाटते, पण ती बरोबर नाही. तिने भावांना बापलेक केले आहे.

आता कागद. खालून वर जा, वरून खाली नको. वरून खाली आलात की हव्या त्या माणसाला जोडून घेण्याचा मोह होतो. प्रत्येक दोन पिढ्यांच्या मध्ये एक तरी समकालीन कागद हवा, ज्यात दोघांचीही नावे आणि नाते लिहिले आहे. असा कागद नसेल तर वंशावळीत तिथे तुटक रेघ द्या.

सुरुवातीचा नकाशा म्हणून सर जेम्स बॅल्फोर पॉल यांनी संपादित केलेली ‘द स्कॉट्स पीअरेज’ घ्या. १९०४ ते १९१४ मध्ये नऊ खंड निघाले, रचना पदांच्या अकारविल्हे, नववा खंड सूचीचा आणि दुरुस्त्यांचा. दुरुस्त्या न पाहता आधीच्या खंडातले वाक्य उचलणे ही नेहमीची चूक. स्वामित्वहक्क संपल्याने खंड इंटरनेट अर्काइव्हवर फुकट आहेत. त्यातला मजकूर पुरावा म्हणून देऊ नका. प्रत्येक विधानाखाली तळटीप आहे, ती ज्या दप्तराकडे बोट दाखवते ते दप्तर उघडा. विल्यम फ्रेझर यांनी १८९७ मध्ये याच घराण्यावर दोन खंड काढले. त्यांचे खरे मोल घराण्यातल्या सनदांच्या नकलांसाठी. घराण्याच्या मूळपुरुषाबद्दलच्या प्रकरणाला मात्र आपल्या बखरीला लावतो तीच चाळणी लावा.

मग दप्तरे.

राजाच्या थोरल्या शिक्क्याच्या सनदांचे रजिस्टर अकरा खंडांत छापलेले आहे, १३०६ ते १६६८ पर्यंतचे. सनदेचा गोषवारा, साक्षीदार आणि तारीख मिळते. इथला मोठा खड्डा असा: बाप जिवंत असतानाच जमीन मुलाच्या नावे करून घेत आणि स्वतःकडे फक्त हयातीपुरता उपभोग ठेवत. या उपभोगाला ‘लाइफरेंट’ म्हणतात आणि मालक झालेल्या मुलाला ‘फीअर’. मुलाच्या नावाची सनद दिसली म्हणून बाप वारला असे धरू नका. दुसरे, कायम करून दिलेली सनद मूळ सनदेनंतर कित्येक वर्षांनी असू शकते. दोन्ही तारखा टिपा.

‘रिटूर’ म्हणजे वारसचौकशी. चॅन्सरीतून (राजाच्या सनदा-हुकूम काढणाऱ्या कचेरीतून) हुकूम निघे, स्थानिक पंच बसत, मयत कोण, वारस कोण, नाते काय, जमीन कोणती हे शपथेवर ठरवून कागद परत पाठवत. ‘परत’ वरूनच त्याचे नाव. १५३० पासून हे दप्तर आहे. १७०० पर्यंतच्या रिटूरांचे लॅटिन गोषवारे १८११ ते १८१६ मध्ये तीन खंडांत छापले गेले. पिढ्या जोडायला याहून चांगला कागद नाही. पण दोन मर्यादा लक्षात ठेवा. चौकशीची तारीख म्हणजे मृत्यूची तारीख नाही, मध्ये वीस वर्षेही गेलेली असतात. आणि राजाकडून थेट जमीन नसलेल्या कुळाला वरचा जमीनदार साध्या पत्राने वारस मान्य करू शके. तिथे रिटूर होतच नाही. न सापडले म्हणजे वारस नव्हता, असे नव्हे.

‘सेझिन’ म्हणजे ताबा. शेतातली माती आणि दगड नव्या मालकाच्या हातात देत आणि नोटरी त्याचा दाखला लिही. १६१७ पासून हे दाखले साठ दिवसांत सरकारी रजिस्टरात चढवणे आवश्यक झाले. फेरफार नोंदवही समजा. १६१७ पूर्वीचे दाखले हवेत तर नोटऱ्यांच्या स्वतःच्या वह्या पाहाव्या लागतात.

शेवटी मृत्युपत्रे, त्यावर खाली कोणी लिहिले तर बरे. स्कॉटलंड्सपीपल या सरकारी संकेतस्थळावर सूची शोधणे फुकट आहे, पानाचे चित्र पाहायला क्रेडिट विकत घ्यावे लागतात. आधी सूचीत सर्व स्पेलिंगे तपासा, मगच पैसे घाला.

---

मोडी_कट्टा (सांगली)

मोडी येत असेल तर अर्धे काम झाले. तिकडे सोळाव्या-सतराव्या शतकात ‘सेक्रेटरी हँड’ नावाचे वळण होते. मोडीसारखेच वेगाने लिहिण्यासाठी बनलेले, अक्षरे जोडलेली, शब्द तोडून वर छोटी खूण. शिकण्याची पद्धतही तीच. आधी ठरावीक मायने पाठ करा. सनदेची सुरुवात, साक्षीदारांचे कलम, तारखेचे कलम हे साचे शेकडो कागदांत तेच असतात. साचा डोळ्यात बसला की उरलेले शब्द म्हणजे फक्त नावे आणि गावे, आणि तीच तुम्हाला हवी आहेत. १६५२ ते १६५९ ही क्रॉमवेलच्या काळातली वर्षे सोडली तर रिटूर १८४७ पर्यंत लॅटिनमध्येच लिहिले जात, पण त्यासाठी लागणारी लॅटिन चाळीस-पन्नास शब्दांची आहे.

अडखळायला होते ते नात्यांच्या शब्दांवर. आपल्याला चुलता, मामा, आतोबा वेगळे सांगायची सवय, तिकडचे शब्द दुटप्पी आहेत. लॅटिन ‘नेपोस’ म्हणजे नातूही आणि पुतण्या-भाचाही. तुमच्या सहाव्या लॉर्डसारख्या जागी हा शब्द आला तर एकटा पुरावा म्हणून चालणार नाही. मधल्या भावाचे नाव देणारा दुसरा कागद हवा. स्कॉट्स भाषेत ‘ऑय’ म्हणजे नातवंड, ‘गुडशर’ म्हणजे आजा, ‘ईम’ म्हणजे मामा. ‘ब्रदर जर्मन’ दिसला की जर्मनीशी काही संबंध नाही, तो सख्खा भाऊ. ‘कझिन’ मात्र नुसत्या सलगीनेही लिहीत, त्यावर काही बांधू नका. ‘नॅचरल सन’ हा लग्नाबाहेरचा मुलगा; औरस मुलाला ‘लॉफुल’ म्हणतात. हे उलटे लावल्याने दासीपुत्राची शाखा थोरली पाती होऊन बसते. ‘अमव्हाइल’ म्हणजे कैलासवासी. तो शब्द ज्याच्या नावापुढे आहे तो माणूस त्या तारखेआधी वारलेला, इतके पक्के. ‘रेलिक्ट’ म्हणजे मागे राहिलेली विधवा.

अक्षरांचेही दोन सापळे. वायसारखे दिसणारे एक अक्षर बरेचदा ‘थ’ असते. आणि झेडसारखे छापलेले एक अक्षर मुळात ‘य’ आणि ‘ग’ च्या मधला उच्चार आहे. म्हणून मेंझीज असे लिहिलेल्या आडनावाचा जुना उच्चार मिंगिस. ‘व्ह’ साठी क्यू-यू-एच लिहितात.

बायका लग्नानंतर माहेरचे नाव कायद्याने सोडत नसत. या घराण्यात हाच तुमचा आधार आहे, कारण पहिल्या सात लॉर्डांपैकी रॉबर्ट सोडला तर सगळे अलेक्झांडर. नुसत्या ‘अलेक्झांडर, लॉर्ड एल्फिन्स्टन’वरून काही कळत नाही, बायकोवरून ओळखा. पहिल्याची एलिझाबेथ बार्लो, ती इंग्लंडहून राणी मार्गारेटच्या सेवेत आलेली. दुसऱ्याची कॅथरिन अर्स्किन, तिसऱ्याची मार्गारेट ड्रमंड, चौथ्याची जीन लिव्हिंगस्टन. टिपणाच्या तक्त्यात पुरुषाच्या नावाआधी बायकोचा रकाना ठेवा, सातारच्या दोन शाहूंची गल्लत ज्यांनी सोडवली आहे त्यांना कारण सांगायला नको.

---

माहुली_संगम (सातारा)

१५०९ की १५१० याचे उत्तर: दोन्ही. सनद १४ जानेवारीची आहे. स्कॉटलंडमध्ये १५९९ पर्यंत नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे जानेवारी हा १५०९ चाच महिना. आपल्या आजच्या मोजणीने १५१०. १ जानेवारी १६०० पासून तिकडे वर्ष जानेवारीला सुरू झाले, पण इंग्लंडमध्ये मात्र १७५२ पर्यंत जुनीच रीत. म्हणून १६०० ते १७५२ मध्ये एकाच घटनेचे फेब्रुवारीतले साल लंडनच्या कागदात एकाने मागे दिसते. सुहूर सनाला ५९९ मिळवायचे की ६०० हे मृगावरून ठरवतो, तसेच इथे १ जानेवारी ते २४ मार्च हा पट्टा दिसला की थांबायचे. दिवसांचा फरक वेगळा आहे. सप्टेंबर १७५२ मध्ये अकरा दिवस गाळले गेले, तो त्याआधीच्या तारखांना लावू नका. कागदात आहे तो दिवस तसाच ठेवा.

पडताळ्यासाठी राज्यवर्ष वापरा, राज्याभिषेक शकासारखे. चौथा जेम्स ११ जून १४८८ ला राजा झाला, म्हणजे त्याचे बाविसावे वर्ष ११ जून १५०९ ते १० जून १५१०. या जानेवारीच्या कागदावर बाविसावे वर्ष असेल तर तो १५१० चाच.

गावाचाही घोटाळा सांगून ठेवतो. एल्फिन्स्टन नावाच्या दोन जागा आहेत. एक ईस्ट लोदियनमध्ये ट्रॅनेंटजवळ, आडनाव तिथून आले. पण ती मुख्य जमीन पंधराव्या शतकात मुलीच्या लग्नातून जॉन्स्टनांकडे गेली. दुसरी स्टर्लिंगशायरमध्ये एर्थ पॅरिशात, लॉर्ड घराण्याची जहागीर ती. नकाशावर चुकीच्या टॉवरवर बोट ठेवलेत तर पुढचे सगळे सेझिन चुकीच्या काउंटीच्या रजिस्टरात शोधत बसाल, कारण १६१७ नंतरचे स्थानिक रजिस्टर प्रांतवार आहे. स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुने नकाशे जालावर खुले ठेवले आहेत, १६५४ चा ब्लाऊचा नकाशासंग्रहही त्यात आहे.

आणि कागदच नसण्याची तयारी ठेवा. १६५१ मध्ये क्रॉमवेलच्या सैन्याने स्टर्लिंगच्या किल्ल्यातली सरकारी दप्तरे लंडनला नेली. परत आणताना डिसेंबर १६६० मध्ये ‘एलिझाबेथ’ नावाचे जहाज बुडाले आणि त्यातले पिंपेच्या पिंपे कागद गेले. त्याआधीच्या काळात रिकामी जागा दिसली तर ती माणसाची चूक नसून समुद्राची असू शकते.

---

अजिंक्यतारा_पायथा (सातारा)

फार उपयोगी. दोन शंका उरल्या. पाचव्या लॉर्डला मुलगी असताना पद पुतण्याकडे का गेले, दत्तक घेतला होता का? आणि फ्लॉडनला पहिला लॉर्ड पडला तेव्हा मुलगा जेमतेम दोन वर्षांचा असावा. इतक्या लहान मुलाच्या नावे वारसचौकशी दिसली तर ती बनावट मानायची का?

---

शाहूनगर_दप्तर (सातारा)

दत्तक नाही. स्कॉटलंडच्या कायद्यात दत्तकाला जागाच नव्हती, तो कायदा १९३० मध्ये आला. १८४८ मध्ये दत्तक नाकारून साताऱ्याचे राज्य खालसा करणारा डलहौसीही स्कॉटिश उमरावच. ज्या कायद्यात त्याचे घराणे वाढले तिथे वारसा एकतर रक्ताने जाई किंवा लेखी ठरवलेल्या क्रमाने.

त्या लेखी क्रमाला ‘टेली’ म्हणतात. पद आणि जमीन यांना वेगवेगळे क्रम असू शकतात: पद फक्त पुरुष वारसाला, जमीन मुलीलाही. म्हणून रिटूरमध्ये ‘वारस’ या शब्दापुढचे विशेषण सोडू नका. पुरुषवारस, सरळ रेषेचा वारस, टेलीचा वारस, संपादित जमिनीचा वारस असे प्रकार असतात. शेवटचा प्रकार फार फसवा आहे. मधला भाऊ निपुत्रिक वारला तर त्याची वडिलोपार्जित जमीन लगतच्या धाकट्या भावाकडे उतरते, पण त्याने स्वतः कमावलेली लगतच्या थोरल्याकडे चढते. एकाच मयताचे दोन वेगळे वारस दिसले तर गोंधळू नका, त्यावरून उलट तिघा भावांचा क्रम मिळतो. सहाव्या लॉर्डच्या बाबतीत पुरुषवारस म्हणून नोंद आणि लिलिअसशी लग्नाचा करार, हे दोन कागद शोधा. करार १५५४ पासूनच्या दस्तांच्या रजिस्टरात किंवा घराण्याच्या खासगी दप्तरात असतात. एडिंबरोच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ठेवलेल्या घराण्यांच्या दप्तरांचे क्रमांक ‘जीडी’ने सुरू होतात आणि त्यांच्या याद्या जालावर चाळता येतात. डलहौसीचे जीडी ४५ आहे.

टेलीत बरेचदा ‘नाव आणि चिन्ह धारण करावे’ अशी अट असते, म्हणून आडनावे बदलतात. साताऱ्याचा पहिला रेसिडेंट जेम्स ग्रँट १८२५ च्या सुमारास ईडनच्या मालमत्तेवर आल्यावर ग्रँट डफ झाला. १८१८ ते १८२२ च्या इथल्या कागदात डफ शोधून उपयोग नाही, त्याचे कारण हे.

लहान मुलाची वारसचौकशी खरी असू शकते. एरवी अज्ञान वारसाची जमीन आणि लग्न ठरवण्याचा हक्क सज्ञान होईपर्यंत राजाकडे जाई, आणि राजा तो हक्क कुणाला तरी देऊन टाकी. अशी दाने छोट्या शिक्क्याच्या रजिस्टरात १४८८ पासून मिळतात. पण २४ ऑगस्ट १५१३ ला, फ्लॉडनच्या पंधरवडाभर आधी, ट्विझेलहॉला ठराव झाला की या मोहिमेत पडणाऱ्यांच्या वारसांना वयाची अट आणि राजाचा हा हक्क माफ. त्यामुळे १५१३ नंतरच्या चौकश्यांत ‘वयाची अट माफ करून’ असे शब्द येतात. ते शब्द दिसले तर बाप फ्लॉडनला गेला असावा असा मागोवा मिळतो.

मृत्युपत्रांबद्दल वर जागा सोडली आहे, ती भरतो. १८६८ पर्यंत जमीन मृत्युपत्राने देताच येत नव्हती. ते फक्त जंगम मालाचे: गुरे, धान्य, येणी-देणी. विधवेला एक तृतीयांश, मुलांना एक तृतीयांश, उरलेला मयताच्या मर्जीचा. विधवा किंवा मुले यांपैकी एकच बाजू असेल तर निम्मे-निम्मे. थोरला मुलगा जमीन घेई म्हणून त्याचे नाव मृत्युपत्रात बरेचदा नसतेच. त्यावरून ‘थोरला आधीच वारला’ असा निष्कर्ष काढून कित्येक वंशावळी बिघडल्या आहेत. धाकट्या मुलांसाठी आणि मुलींसाठी मात्र हाच कागद उत्तम. एडिंबरोचे न्यायालय १५६४ चे, आणि स्कॉटलंडबाहेर वारलेल्यांचे काम त्याच्याकडे, म्हणून हिंदुस्थानात मेलेल्या धाकट्या मुलग्यांसाठी आधी तिथली सूची पाहा.

---

कृष्णाकाठ (वाई)

एक भर, नावांच्या गल्लतीबद्दल, कारण मराठी लेखनात ती सर्रास होते. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातला एल्फिन्स्टन तुमचा माउंटस्टुअर्ट, १८१९ ते १८२७ चा गव्हर्नर. २०१८ पर्यंत एल्फिन्स्टन रोड म्हणवले जाणारे, आता प्रभादेवी झालेले स्टेशन तेराव्या लॉर्ड जॉनच्या नावाचे, तो १८५३ ते १८६० चा गव्हर्नर आणि माउंटस्टुअर्टचा पुतण्या. काबूलच्या १८४२ च्या माघारीतला जनरल तिसराच, चुलतभाऊ. त्याचे वडील विल्यम फुलर्टन एल्फिन्स्टन कंपनीचे संचालक होते, म्हणजे माउंटस्टुअर्टचे चुलते. माउंटस्टुअर्टने लग्न केले नाही. त्याचा खापरपणतू म्हणून कोणी समोर आला तर तो शाखा चुकला आहे.

बाल्मेरिनो हे पदही याच घराण्याचे, तिसऱ्या लॉर्डच्या मुलापासूनचे. सहावा बाल्मेरिनो १८ ऑगस्ट १७४६ ला लंडनच्या टॉवर हिलवर शिरच्छेद झालेला. ‘स्कॉट्स पीअरेज’मध्ये ही शाखा वेगळ्या ठिकाणी, ब अक्षरात आहे.

चौथ्या लॉर्डकडे जास्त लक्ष द्या. तो १५९९ मध्ये राज्याचा खजिनदार झाला तेव्हा बाप हयात होता, म्हणून कागदांत ‘मास्टर ऑफ एल्फिन्स्टन’ आहे. १६०२ नंतर तोच ‘लॉर्ड’. मास्टर म्हणजे वारसदार मुलाचे पद, शिक्षक नव्हे. घाईत हे दोन वेगळे इसम धरले की एक पिढी फुकट वाढते. पुढे ॲबर्डीनशायरमधल्या किल्ड्रमीच्या किल्ल्यावरून मारच्या अर्लशी चाललेला दावा १६२६ मध्ये तो हरला. हरलेला दावा संशोधकाला लाभदायक असतो, कारण हक्क सिद्ध करायला दोन्ही पक्षांनी आपापल्या पिढ्या कागदावर मांडलेल्या असतात. चौथ्यापासून मागे जायला मी तिथूनच सुरुवात करीन.

---

माहुली_संगम (सातारा)

परिशिष्टात साल छापताना ‘१४ जानेवारी १५०९/१०’ असे तिरप्या रेघेने द्या. तळटीप वेगळी लागत नाही, आणि वाचणाऱ्याने कोणताही खंड उघडला तरी जुळते.